‘क्लार्कच्या नजरचुकीमुळे…’ : वकिलाच्या कारकुनाचं काम बदललं म्हणजे नेमकं काय झालं

‘क्लार्कच्या नजरचुकीमुळे तारीख डायरीत नोंदवायची राहून गेली, सबब झालेला विलंब माफ व्हावा.’

विलंब माफीच्या अर्जातलं हे वाक्य मी वकिलीत किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. आणि दर वेळी ते टाइप केलं आमच्या क्लार्कनंच. स्वतःवरचा आळ स्वतःच्याच बोटांनी टाइप करायचा, त्याच्या तीन प्रती काढायच्या, माझी सही घ्यायची आणि कोर्टात नेऊन द्यायच्या. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा चूक माझी असायची. एकदा तर मी सोयऱ्याच्या लग्नात होतो. समोर बसलेल्या न्यायाधीशांनाही हे कळत असावं, पण प्रथा ती प्रथा.

आता हे वाक्य चालेनासं झालंय. तारीख हल्ली फक्त क्लार्कच्या डायरीत नसते. ती कोर्टाच्या वेबसाइटवर असते, पक्षकाराच्या मोबाइलवर असते, समोरच्या वकिलाच्याही मोबाइलवर असते. ‘नोंदवायची राहिली’ म्हटलं की समोरचे वकील खिशात हात घालतात. म्हणजे आळ अंगावर घ्यायचं कामसुद्धा क्लार्कच्या हातून गेलं. मग उरलं काय? हे मला पक्षकारांनीही विचारलंय आणि पदवी घेऊन घरी बसलेल्या पोरांनीही. ‘साहेब, वकिलाकडं कामाला लागलो तर पुढं काय?’ मराठवाड्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करणारा माणूस म्हणून जमेल तसं सांगतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. ‘लीगल सेक्रेटरी’ ही पाटी मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये दिसते. आमच्याकडं त्याच कामाला क्लार्क, कारकून आणि फार जुन्या माणसाच्या तोंडी मुन्शी म्हणतात. पूर्वी बड्या वकिलाकडं तीन वेगळी माणसं असत. स्टेनो मजकूर घ्यायचा, टायपिस्ट तो मशीनवर काढायचा आणि क्लार्क कोर्टात फिरायचा. तालुक्याला हे तिन्ही एकाच पगारात. सरकारच्या विधी सेवा प्राधिकरणाकडं काम करणारे विधी स्वयंसेवक वेगळे, त्यांचा वकिलाच्या ऑफिसशी संबंध नाही. ज्युनिअर वकीलही वेगळा, त्याच्याकडं सनद असते. क्लार्कला तीस वर्षांचा अनुभव असो, तो कोर्टापुढं युक्तिवाद करू शकत नाही. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनं वकिली करायचा अधिकार सनद असलेल्यालाच दिलाय. गावाकडचे पक्षकार मात्र कायद्याचा सल्ला आधी क्लार्कलाच विचारतात, हे सगळ्या बार रूमला माहीत असलेलं गुपित आहे.

आमच्या ऑफिसातल्या क्लार्कना सगळं कोर्ट मामा म्हणतं. मीही म्हणतो. मामा कामाला लागले तेव्हा वकिलाच्या क्लार्कची खरी भांडवलं दोन: पाय आणि ओळखी. कोणती फाइल कोणत्या टेबलाखालच्या गठ्ठ्यात आहे, शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाचा मुख्य कारकून, जेवायला कधी उठतो, कोर्टाची रोकड सांभाळणाऱ्या नाझरकडं भत्ता भरला की समन्स ते पोचवणाऱ्या बेलिफाच्या हातात पडायला किती दिवस लागतात, नक्कल विभागात आज कोण बसलंय. बोर्डावर आपली केस कितवी आहे आणि पुकारा साधारण किती वाजता होईल, याचा अंदाज मामा चहाच्या टपरीवरून देत आणि तो सहसा चुकत नसे. पक्षकार सकाळीच दारात. ‘मामा, पुढची तारीख कव्हा हाय?’ मामा लाल कापडी पुठ्ठ्याची डायरी उघडणार, चष्मा वर सरकवणार आणि मग सांगणार. ती डायरी म्हणजे अर्धं ऑफिस. वकील गेला तर दुसरा मिळेल, डायरी हरवली तर धंदा बसला.

हे काम आमच्या भागात जरा जास्तच पायांचं का झालं, ते कळायला नकाशा डोळ्यांपुढं आणावा लागतो. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. वरचं कोर्ट हैदराबादला, कारभार उर्दूत. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि अपिलाची वाट हैदराबादऐवजी मुंबईला वळली. नांदेड-लातूरच्या माणसाला ती वाट जवळची नव्हती. पुढं मोठ्या मागणीनंतर २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादेत मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ सुरू झालं. त्याविरुद्धही लोक कोर्टात गेले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९८२ मध्ये तिथं खंडपीठ टिकलं. आज मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांसोबत अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबारही याच खंडपीठाकडं येतात. तरीसुद्धा उदगीर किंवा किनवटच्या माणसाला खंडपीठ म्हणजे एसटीत दिवस घालवणं. म्हणून तालुक्याच्या वकिलाचा क्लार्क पिशवीत नकला, वकीलपत्र आणि एक शर्ट टाकून रात्रीच्या गाडीनं निघायचा. सकाळी खंडपीठातल्या वकिलाच्या क्लार्ककडं कागद सोपवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. अपील वेळेत दाखल होणं हे एसटीच्या टायरवरसुद्धा अवलंबून असे.

ही धावपळ आता पुष्कळ कमी झालीय. देशभर कोर्टांचं संगणकीकरण करणारा ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ पासून टप्प्याटप्प्यानं आला. तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. पक्षकाराच्या दृष्टीनं यातली एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: सीएनआर नंबर. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांची ही ओळख मिळते, महाराष्ट्रात सुरुवात ‘एमएच’नं. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, कोणता आदेश झाला, सगळं दिसतं. तुमच्या वकिलाच्या ऑफिसनं तुम्हाला हा नंबर दिला नसेल तर मागून घ्या. आमच्याकडं आम्ही तो पावतीच्या मागं लिहून देतो. मामांना पहिल्यांदा हे पटलं नव्हतं. ‘साहेब, सगळंच देऊन टाकलं तर तो आपल्याकडं येईल कशाला?’ त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. माहिती ही त्यांची मिळकत होती आणि ती आता फुकट वाटली जात होती.

इथवर वाचून वाटेल, क्लार्क संपला. मला स्वतःला चार-पाच वर्षांपूर्वी तसंच वाटत होतं. मग नवी कामं मोजायला लागलो. कागद कुठं आहे हे सांगणारा माणूस आता लागत नाही. पण कागदात काय आहे, तो कुठल्या दिवशी मेलेला ठरेल, कुठल्या रूपात गेला तर परत येईल, हे बघणारा माणूस पूर्वीपेक्षा जास्त लागतो. यातलं तारखांचं काम जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वांत महाग चुका तिथंच होतात.

चेक न वटल्याचं प्रकरण घ्या. आमच्या भागात आडत दुकानदार, बी-बियाणंवाले, ट्रॅक्टरचे हप्ते, यांतून ही प्रकरणं रोज येतात. समजा, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो २० फेब्रुवारी २०२५ ला हातात पडला. तिथून ३० दिवसांत नोटीस पाठवायची, म्हणजे २२ मार्चपर्यंत. आपण ४ मार्चला पाठवली, समोरच्याला ती १० मार्चला मिळाली. त्याला पैसे द्यायला १५ दिवस. पोचल्याचा दिवस धरायचा नाही, म्हणून ११ ते २५ मार्च. त्यानं दिले नाहीत, तर तक्रारीचं कारण २६ मार्चला जन्मतं आणि तिथून एक महिन्यात फिर्याद. आता गंमत बघा. कायद्यात ‘एक महिना’ लिहिलंय, ‘३० दिवस’ नाही. मार्च ३१ दिवसांचा, म्हणून ३० दिवस मोजणाऱ्याची मुदत २५ एप्रिलला संपते आणि महिना मोजणाऱ्याची २६ एप्रिलला. २६ एप्रिल २०२५ हा चौथा शनिवार होता, कोर्ट बंद. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, म्हणजे सोमवारी २८ एप्रिलला. उशीर माफ करायची तरतूद या कायद्यात आहे, पण त्यासाठी पुन्हा तोच अर्ज आणि तेच वाक्य.

आता हा हिशोब दर आठवड्याला दहा-बारा प्रकरणांत करायचा, प्रत्येकाचा सुरुवातीचा दिवस वेगळा. त्यात दिवाणी दाव्याची कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांपर्यंत. त्या नव्वदीत सामान्य दाव्यात कोर्ट कारण बघून सूट देऊ शकतं, पण व्यापारी कोर्टातली १२० दिवसांची हद्द ओलांडली की कैफियत घेतलीच जात नाही. जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. कोविडच्या काळात तर सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला होता. अशा प्रकरणात साधं कॅलेंडर घेऊन बसणारा चुकलाच म्हणून समजा.

मामांनी मला एक गोष्ट शिकवली, जी मला कुणी वर्गात शिकवली नव्हती. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल हातात आली की ती आधी उलटी करायची. मागच्या शिक्क्यात तीन तारखा असतात: नकलेचा अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. अपिलाच्या मुदतीतून नकलेला लागलेला वेळ वजा होतो, पण तो नक्कल तयार होईपर्यंतचाच. तयार झालेली नक्कल आणायला तुम्ही आठ दिवसांनी गेलात, तर ते आठ दिवस तुमचे. कितीतरी ज्युनिअर वकील दिल्याची तारीख धरून हिशोब करतात आणि तोंडघशी पडतात.

अशाच मुदतीवर आमच्याकडं शेतकऱ्यांचे लाखो रुपये अडकतात. तलाव, कालवे, रस्ते यांसाठी जमिनी गेलेली गावं मराठवाड्यात पुष्कळ. मोबदला कमी म्हणून काही शेतकरी कोर्टात जातात आणि वाढवून घेतात, बाकीचे गप्प बसतात. त्या गप्प बसलेल्यांसाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम २८-अ होतं: त्याच अधिसूचनेतली जमीन असेल तर कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांत अर्ज करा, तुम्हालाही वाढीव दर मागता येतो. २०१३ च्या नव्या कायद्यातही तशी सोय ठेवलीय. तीन महिने म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या माणसाला बातमी पोचायच्या आत संपणारा काळ. निवाडा लागला की गावातल्या बाकीच्या खातेदारांची यादी काढून फोन करणारा क्लार्क असेल, तर त्या गावाचं भलं होतं. हे काम कुठलंही ॲप करत नाही, कारण त्या शेतकऱ्यांची केसच नसते, मग त्यांना सीएनआर नंबर कुठून असणार?

जुन्या कागदांचं तसंच. जमिनीच्या दाव्यात आमच्याकडं अजून निजामकाळातले सेतवार, पहाणीपत्रकं अशा जमिनीच्या जुन्या नोंदी आणि नंतरचं १९५४-५५ चं खासरापत्रक निघतात. काही उर्दूत, काही मोडीत आणि साल फसली, म्हणजे जुनं महसुली. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. १३५८ फसली म्हणजे १९४८ च्या आसपास. त्यावर १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आणि इनाम जमिनींचा १९५४ चा कायदा बसतो, जे पुण्या-नाशिकच्या वकिलाला बघायचीही वेळ येत नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किंमत एकदम कळली. मामांना मोडी येत नाही. पण गावोगावी कोणाला येते, हे त्यांना माहीत आहे. जुन्या ओळखींचा एवढा भाग अजून मोडीत निघालेला नाही.

आता संगणकापुढच्या कामाकडं येऊ. हे काम आमच्याकडं एक मुलगी करते, वय तेवीस, एमएस-सीआयटी झालेली, मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास. मामा तिला ताई म्हणतात, ती मामांना मामाच म्हणते.

ई-फायलिंग म्हणजे कागदाचा फोटो काढून पाठवणं नव्हे, हे आधी समजून घ्या. दाव्याची पीडीएफ करायची, पानांना क्रमांक घालायचे, प्रत्येक दस्तऐवज कुठं सुरू होतो ती खूण बसवायची, पक्षकाराचं नाव आधार कार्डावर आहे तसंच टाकायचं, वकिलाची डिजिटल सही किंवा आधारच्या ओटीपीनं सही, कोर्ट फी ऑनलाइन भरून पावती जोडायची. मग छाननीत हरकत निघते. कधी स्कॅन पुसट, कधी पान उलटं. सातबाऱ्यावर ‘नारायण’ आणि आधारवर ‘नारायणराव’ असला तर ती हरकत वेगळीच. पूर्वी अशी हरकत शिरस्तेदार तोंडी सांगायचा आणि मामा तिथंच कोपऱ्यावर पेनानं दुरुस्त करून द्यायचे. आता हरकत स्क्रीनवर येते, तिला तारीख असते आणि ती दुरुस्त केली नाही तर प्रकरण तसंच लटकतं. आमच्या भागातली वीज आणि नेट यांबद्दल मी काही बोलत नाही.

फॉन्टचा त्रास तर सांगून खरा वाटणार नाही. आमच्या ऑफिसात पंधरा-वीस वर्षांचे दावे, नोटिसा, भाडेकरार कृतिदेव आणि श्रीलिपीत पडलेत. त्या काळात टाइपरायटरवरून आलेल्या बोटांना तेच सोयीचं होतं. टाइपरायटर तर गेलाच; गोदरेजनं ते बनवणं २००९ मध्ये थांबवलं. पण मशीन गेलं तरी त्याचा कीबोर्ड बोटांत राहतो. आता कोर्टाच्या पोर्टलला, गुगलला, कुणालाही युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखंच वाचता येणारं मराठी लागतं. जुना मजकूर बदलून घेतला की रफार पुढच्या अक्षरावर जातो आणि ‘क्ष’चं काहीतरी भलतंच होतं. एकदा आमच्या ‘प्रतिवादी’चा ‘प’ उडाला आणि उरलेला शब्द घेऊन मी कोर्टात उभा राहिलो. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं, बार रूम आठवडाभर हसली. तेव्हापासून ताई प्रत्येक पान वाचते. नुसतं टाइप करणं आणि वाचून बघणं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसऱ्याचे पैसे जास्त असायला हवेत.

भाषेचा आणखी एक थर आहे. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी, पण उच्च न्यायालयाची इंग्रजी. म्हणजे साक्ष मराठीत, निकाल बऱ्याचदा मराठीत, सातबारा-फेरफार मराठीत. अपिलात गेलं की या सगळ्याचं इंग्रजी करायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ‘सुवास’ नावाचं भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं, बाजारात तर आता अशी डझनभर साधनं आहेत. ताई मशीनकडून कच्चा मसुदा काढते आणि मग मामांना घेऊन बसते. परवा ‘सामाईक बांध’ याचं मशीननं ‘कॉमन डॅम’ केलं होतं. दोन शेतांमधल्या मातीच्या वरंब्याचं धरण झालं असतं, तर आमच्या पक्षकाराच्या अपिलाचं काय झालं असतं, कल्पना करा.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल सगळे विचारतात म्हणून एवढंच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निकाल तसेच कोर्टात दिले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते, आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. तेव्हापासून आमच्याकडं नियम असा, की मशीननं दिलेला प्रत्येक निकाल ताईनं मूळ संकेतस्थळावर उघडायचा, ती पानं काढायची आणि मगच माझ्या टेबलावर ठेवायची. पूर्वी हे ज्युनिअर करायचा. ताई त्यापेक्षा जास्त चिकाटीनं करते, हे मी ज्युनिअरच्या देखत सांगतो.

अमेरिकेत हा बदल आपल्या आधी झाला. तिथं एकेका वकिलाला स्वतःची सेक्रेटरी असायची, शॉर्टहँड घ्यायची, टाइप करायची. वकील स्वतः कीबोर्डवर लिहायला लागले तशी एकीच्या वाट्याला तीन-चार वकील आले आणि ज्या टिकल्या त्या दस्तऐवज, मुदती आणि कोर्टाच्या पोर्टलची जबाबदारी घेऊन टिकल्या. आमच्या तालुक्यात वकील अजून स्वतः टाइप करत नाहीत. मीही करत नाही, हा लेखसुद्धा ताईनंच टाइप केलाय.

फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून सगळी कलमंच बदलली. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. आमच्या संगणकावरच्या जामीन अर्जाच्या साच्यात ४३८, ४३९ असे आकडे पक्के बसले होते, ते एकेक शोधून ४८२, ४८३ करावे लागले. त्यात जुन्या गुन्ह्याला गुन्ह्याचं कलम जुन्या दंड संहितेचंच, म्हणजे दोन्ही साचे ठेवायचे. आणि मोबाइलमधला व्हिडिओ किंवा व्हॉट्सॲपचं संभाषण पुरावा म्हणून द्यायचं, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. भाग ‘अ’ ज्याच्या ताब्यात ते साधन आहे त्यानं भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञानं. त्यात त्या फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलचा अंगठा समजा: फाइलमधला एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. पक्षकार व्हिडिओ व्हॉट्सॲपनं ताईला पाठवतो तेव्हा वाटेतच तो दाबून लहान होतो आणि अंगठा बदलतो. म्हणून ताई फोनवर ओरडत असते, ‘काका, पाठवू नका, मोबाइलच घेऊन या!’

मोबाइल ऑफिसात आला की दुसरी जबाबदारी येते, गुपिताची. पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं बाहेर जाऊ नये, हे कायद्यानं बांधलंय आणि ते बंधन क्लार्कलाही लागू आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात वकिलांचे ‘क्लार्क आणि नोकर’ असे शब्द होते. नव्या अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये ‘क्लार्क आणि कर्मचारी’ असे आहेत. नोकराचा कर्मचारी व्हायला दीडशे वर्षं लागली.

कागदावर तो झाला. प्रत्यक्षात तालुक्याच्या ऑफिसात नियुक्तीपत्र असलेला क्लार्क मला अजून भेटलेला नाही, आणि यात माझंही ऑफिस आलं. पगार ठरलेला असतो, पण मोठा हिस्सा पक्षकार खुशीनं देतो त्या शे-पन्नासवर. तारीख विचारायला, नक्कल काढायला, भत्ता भरायला म्हणून तो दिला जायचा. मोबाइलवर तारीख दिसायला लागल्यावर ती खुशी आटली. ज्या कामांनी जागा घेतली, म्हणजे पीडीएफ, मुदतीचा हिशोब, भाषांतर तपासणं, ती पक्षकाराला दिसतच नाहीत, मग त्यांचे पैसे तो कशाला देईल? ते वकिलानं फीमध्ये धरून पगारातून द्यायला हवेत. केरळात २००३ पासून वकिलांच्या क्लार्कसाठी कल्याण निधीचा कायदा आहे, तामिळनाडूत त्याही आधी १९९९ मध्ये झाला. आमच्या बार रूममध्ये हा विषय निघाला की कुणीतरी चहा मागवतं.

बी.ए. झालेल्या पोरांना म्हणून मी असं सांगतो. वकिलाकडं लागणार असाल तर पहिल्या महिन्यात तीन गोष्टी मागा: पोर्टलवर स्वतःच्या हातानं प्रकरण दाखल करायला मिळालं पाहिजे, मुदतीची नोंदवही तुमच्याकडं पाहिजे आणि पगार बँकेत पाहिजे. तिसरी मागितल्यावर वकिलाचा चेहरा बघा, पुढं किती वर्षं राहायचं ते तिथंच कळेल.

ताईनं गेल्या दिवाळीनंतर तिसरी मागितली. मी थोडा चाचरलो, मग दिली. मामांनी मागितली नव्हती, तरी त्यांचंही खातं काढायला लावलं. बँकेत फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी मामा अडले. ताईनं विचारलं, ‘मामा, खासगी नोकरी लिहू का?’ मामा म्हणाले, ‘थांब. साहेबांना विचारून सांगतो.’